डाव्या बाजूचा कापूस

कोट परत आला नसता, तर आज रविवारी दुपारी कटिंग टेबलाभोवती ही माणसं जमलीच नसती. वहिनीच्या डोक्यात सकाळपासून तेच घोळत होतं. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं होतं, मशीनांवर चादरी टाकलेल्या होत्या, आणि एरवी जिथे कापड पसरलेलं असतं तिथे चहाचे कप होते. आईंना हे मुळीच खपत नसे. टेबलावर ओला कप ठेवला म्हणून त्यांनी एकदा सख्ख्या जावयाला खुर्चीतून उठवलं होतं. आज त्यांनी कपांकडे बघितलंसुद्धा नाही, आणि त्यावरूनच वहिनीला कळलं की सासूबाई किती घाबरल्यात.

खिडकीपाशी, पांढऱ्या चादरीखाली, ताईची डमी उभी होती. तिच्याकडे कोणीच बघत नव्हतं.

ह्या घराची ही एक तऱ्हा होती. पोरीची वाढ थांबली की आई तिच्या मापाची डमी बनवायच्या. लाकडी दांडा, जाड्या कापडाचं आवरण, आत ठासून भरलेला कापूस. ताईची होती, धाकटीची होती, आणि लग्न होऊन आल्यावर काही वर्षांनी वहिनीचीही झाली. ज्या दिवशी आईंनी तिला समोर उभं करून टेप लावली, त्या दिवशी आपण ह्या घरच्या झालो असं वहिनीला वाटलं होतं. नियम एकच होता. माणूस जाड झालं की डमीत कापूस घालायचा, रोड झालं की काढायचा. डमी खोटी पडता कामा नये.

मुख्याध्यापिकाबाईंचं माप ताईच्या मापाशी जवळजवळ तंतोतंत जुळायचं, म्हणून त्यांचे कपडे नेहमी ताईच्या डमीवर चढवले जायचे. ह्या वेळचा कोट वहिनीने चढवला. बाई तो घालून आरशासमोर उभ्या राहिल्या तर डावीकडचा पुढचा भाग पिशवीसारखा लोंबत होता. "माझं अंग काय एकीकडे पळालंय का?" असं म्हणून बाई हसल्या. भाऊ हसला नाही. गिऱ्हाईक गेल्यावर तो बायकोला नको नको ते बोलला. वहिनीचंही डोकं फिरलं. आपण मापात चुकलो नाही हे दाखवायला तिने त्याच्यादेखत डमीचं आवरण उसवलं.

उजवीकडचा कापूस जुना, पिवळा पडलेला. डावीकडे मात्र पांढराशुभ्र, थरावर थर, आणि थर हलू नयेत म्हणून वर बारीक टाके. ते टाके कोणाचे हे घरात कोणाला विचारायची गरज नव्हती.

ताई तेव्हा मागे इस्त्री करत होती. तिने बाहेर येऊन उसवलेल्या डमीकडे बघितलं आणि म्हणाली, "माप बदललं, म्हणून भरला कापूस. त्यात काय झालं?"

"एकाच बाजूचं माप कसं बदलेल, ताई?" वहिनीने विचारलं.

ताईला दुखत नव्हतं, ताप नव्हता. कपडा डावीकडे आवळत होता, म्हणून तिने तो सैल केला. पुन्हा आवळला, पुन्हा सैल केला, आणि नियमाप्रमाणे डमीसुद्धा दुरुस्त केली. ह्या घरातली बाई दुसरं काय करणार होती?

"उद्या सकाळी हॉस्पिटलला कळवायचंय," भाऊ म्हणाला, तेव्हा वहिनी भानावर आली. "हो म्हणालो तर परवा ऑपरेशन. नाही म्हणालो तर ती तारीख दुसऱ्या कोणाला जाईल. पुढची कधी मिळेल ते त्यांनाही सांगता येत नाही. आणि ही गाठ थांबून राहणारी नाही, असं सर्जनबाई स्पष्ट बोलल्या."

"पण सोनोग्राफीत साधी गाठ आली होती ना?" धाकटीचा नवरा म्हणाला. त्याचं औषधांचं दुकान होतं, आणि काउंटरवर उभा राहून तो निम्म्या वस्तीला गोळ्या सुचवायचा. घरात त्याला 'अर्धे डॉक्टर' म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. "साधी असेल तर उगाच कशाला कापाकापी? थोडं थांबून बघू की."

"साध्या गाठीसारखीच दिसते ही," भाऊ म्हणाला. "तिथेच तर सगळे फसतात. म्हणून तर सुई घालून तुकडा काढला. फायलोड्स म्हणतात तिला. क्वचित कोणाला होते."

"म्हणजे कॅन्सरच ना, दादा?" धाकटीने विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता.

"तेच तर कळत नाही. सौम्य असेल, वाईट असेल, मधलीही असेल. अख्खी बाहेर काढून तपासल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. छातीच्या स्कॅनमध्ये दुसरीकडे कुठे काही दिसलं नाही, एवढंच आत्ता आपल्या हातात आहे."

"मग केमो वगैरे?"

"ह्या जातीवर त्या औषधांचा फार भरवसा नाही म्हणे. कापून काढणं हाच इलाज. आणि नुसती गाठ नाही, तिच्याभोवतीची चांगल्या मांसाची कडही काढायची. ताईची गाठ एवढी वाढलीय की कड धरली तर..." भाऊ थांबला. बहिणीसमोर पुढचा शब्द त्याच्या तोंडातून निघेना. "तर डावीकडचं सगळंच जातं."

ताई टेबलाच्या टोकाला बसून एका कपाची कड बोटाने पुसत होती.

"सुरी लावायची नाही," आई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले. सकाळपासूनचं त्यांचं हे पहिलंच बोलणं होतं.

"सुरी लागली की ती चिडते. मी बघितलंय. तुम्ही कोणी बघितलेलं नाही. तुमच्या आत्याची एवढीशी गाठ होती, सुपारीएवढी. कापली, परत आली. परत कापली, त्याहून मोठी आली. कापली नसती तर जगली असती पोर."

बटणांच्या कपाटावर आत्याचा फोटो होता. लग्न ठरलेल्या वयातला, मान किंचित कलती. ती गेली तेव्हा भाऊ रांगत होता, धाकटीचा तर जन्मही झालेला नव्हता. त्यांच्यासाठी आत्या म्हणजे तो फोटो आणि आईचं हे एक वाक्य, कापली नसती तर.

"आई, तेव्हाची गोष्ट वेगळी—"

"तुम्ही कशाला भांडताय?" ताई मधेच म्हणाली आणि उठली. "आई हो म्हणाली तर करू. नाही म्हणाली तर नाही. माझं काही म्हणणं नाही."

एवढं बोलून ती मागच्या खोलीत निघून गेली.

&nbsp;

इस्त्रीच्या खोलीत शिरल्यावर तिने दार लोटलं आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

माझं काही म्हणणं नाही, हे धडधडीत खोटं होतं. तिच्याइतकं म्हणणं कोणाचंच नव्हतं. आईच्या आड लपता येतंय, एवढाच त्याचा अर्थ होता. आयुष्यभर तिने ह्या घरात स्वतःचे निर्णय स्वतः घेतले. लग्न नको म्हणाली तेव्हा आईचं ऐकलं नाही, दुकानाची भिंत पाडून मोठं केलं तेव्हा भावाचं ऐकलं नाही. आणि आता आईचा पदर धरून उभी होती, आई नाही म्हणू दे, म्हणजे मला म्हणावं लागणार नाही.

तिला मरणाची भीती वाटत होती, आणि कापलं जाण्याचीही. कोणती जास्त, हे तासातासाला बदलत होतं.

सोनोग्राफीवाली मुलगी आधी गप्पा मारत होती. मग मधेच गप्प झाली, आणि तोच तोच भाग पुन्हा पुन्हा बघायला लागली. नंतर सुईचा तो खटकन आवाज. आधी सांगितलं होतं, आवाज येईल, दचकू नका. तरी ती दचकली. मशीनची सुई तुटते तेव्हा असाच आवाज येतो. तेव्हापासून दुकानात कोणाची सुई तुटली की तिचा हात आपोआप डावीकडे जायचा.

सर्जनबाईंनी तिला विचारलं होतं, "घरात कोणाला छातीत गाठ झाली होती का? काढून परत आलेली?" ती म्हणाली होती, नाही. का नाही म्हणाली, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. आत्याचं नाव त्या खोलीत काढलं तर आत्याची गत आपल्याला चिकटेल, असं काहीतरी वाटलं असावं. कापड कापणाऱ्या, हिशेबी बाईला शोभणारं हे नव्हतं, पण भीतीपुढे कसलं शोभणं.

दार ढकलून वहिनी आत आली.

"ताई, पाणी देऊ?"

"नको." मग हलक्या आवाजात, "तू सांगणार आहेस ना?"

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, भाऊ कागद करायला गेला असताना, ताईने वहिनीचा हात धरून एक मागणं केलं होतं. इतक्या वर्षांत ह्या नणंदेने भावजयीकडे कधी काही मागितलं नव्हतं. कात्रीसुद्धा स्वतःची वेगळी ठेवायची. ती म्हणाली होती, सर्जनबाई तुझ्याशी नीट बोलतात. त्यांना एकटीला गाठून सांग, नुसती गाठ काढा म्हणावं. बाकीचं राहू दे. वहिनी तेव्हा "बघते" म्हणाली होती.

"सांगेन," वहिनी आता म्हणाली. तिला नाही म्हणवेना. ताईचा चेहरा इतका उतरलेला तिने कधी बघितला नव्हता.

"त्यांना जमेल गं. हुशार आहेत. हाताने सरकते ती, गुळगुळीत आहे, सुटी आहे. अलगद निघेल. एवढ्याशासाठी सगळं कशाला?"

"हो."

"आणि तुझ्या नवऱ्याला बोलू नकोस. आईला तर मुळीच नाही."

"नाही बोलणार."

ताईने डोळे पुसले आणि उगाचच इस्त्री गार आहे ना ते बघितलं.

&nbsp;

बाहेर धाकटी नवऱ्याकडे बघत होती. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणूस काहीतरी गिळतोय हे ओळखायला डॉक्टर व्हावं लागत नाही. त्याने चहा तसाच ठेवला होता आणि चष्मा तिसऱ्यांदा पुसत होता.

"काय झालंय?" तिने विचारलं.

"कुठे काय."

"थांबून बघू, थांबून बघू, काय लावलंय मघापासून? एरवी कोणाला शिंक आली तरी आधी तपासणी करून घ्या म्हणता."

त्याने चष्मा लावला, मग परत काढला. "ताई दुकानात आल्या होत्या. माझ्या दुकानात. बरेच महिने झाले."

भाऊने मान वर केली.

"गिऱ्हाइकांची गर्दी होती. त्या बाजूला उभ्या राहिल्या. म्हणाल्या, छातीशी हाताला गाठीसारखं लागतंय. मी विचारलं, दुखते का, तर नाही म्हणाल्या. सरकते का, तर हो म्हणाल्या. मी म्हटलं, मग साधी असणार, ह्या वयात होतं असं. गोळ्या दिल्या. वाढली तर या म्हटलं." तो टेबलाकडे बघून बोलत होता. "त्या परत आल्या नाहीत. मला वाटलं, गेली असेल."

"आणि मला बोलला नाहीत," धाकटी म्हणाली.

"त्यांनी सांगितलं होतं, हिला सांगू नका, घाबरेल."

"घाबरले असते. घाबरून तिला ओढत नेलं असतं तपासायला."

धाकटी उठली, आपली खुर्ची उचलली आणि टेबलाला वळसा घालून भावाशेजारी जाऊन बसली. खुर्चीचे पाय फरशीवर घासले त्याचा आवाज मागच्या खोलीपर्यंत गेला असावा, कारण ताई आणि वहिनी दोघी दारात येऊन उभ्या राहिल्या. ताईने एकदा जावयाकडे बघितलं आणि काय फुटलंय ते तिला कळलं.

"त्यांना बोलू नका," ती म्हणाली. "मीच नीट सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी पाठवलं असतं."

"नसतं पाठवलं," अर्धे डॉक्टर म्हणाले. त्यांचा नेहमीचा काउंटरवरचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "तेव्हाही मला साधीच वाटली आणि आत्ताही मी थांबा म्हणत होतो ते का, तर ती साधी निघाली तर माझी चूक नाही ठरणार, म्हणून. आई, माझं ऐकू नका. आता थांबू नका."

धाकटीने त्याच्याकडे बघितलं नाही. पण त्याने पुढे केलेला कप तिने परतही सारला नाही.

"आई," भाऊ म्हणाला, "आता सगळे एका बाजूला आहेत. तूच राहिलीस."

&nbsp;

आईला सगळं ऐकू येत होतं. डोळे अधू झाल्यापासून कान जास्तच तिखट झाले होते. पोरं एका बाजूला आणि आपण एका बाजूला, ही काही नवी गोष्ट नव्हती. पण आज ती एकटी पडली म्हणून घाबरली नव्हती. ती दुसऱ्याच गोष्टीला घाबरत होती, आणि ती गोष्ट काय ते तिने अजून कोणाला सांगितलेलं नव्हतं.

"सूनबाई," ती म्हणाली, "तू होतीस ना आत? परत का येते म्हणाल्या त्या बाई?"

वहिनी पुढे आली. "वरून ती गुळगुळीत दिसते, आई. सोलून काढावी तशी निघतेसुद्धा. पण तिची बारीक टोकं बाजूच्या मांसात शिरलेली असतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत. नुसती गाठ सोलून काढली तर ती मागे राहतात. त्यातून परत येते. कधीकधी आधीपेक्षा वाईट होऊन येते."

"म्हणजे सुरीने चिडत नाही."

"नाही. कमी कापलं तर राहते. म्हणून भोवतालची कड घ्यायची."

आईने दोन्ही हात मांडीवर एकात एक गुंतवून ठेवले.

तिचा सासरा ह्याच टेबलावर कापायचा. संध्याकाळी दुकान बंद झालं की तो कातरणाचा डबा टेबलावर उलटा करी आणि चिंध्या बोटाने चिवडून बघे. तळहाताएवढा तुकडा सापडला की कापणाऱ्याची कंबख्ती भरली. त्याच्या हाताखाली तयार झालेल्या माणसाच्या डब्यात नुसते दोरेच निघायचे. हात राखून कापणं हीच ह्या घराची विद्या. मुलांनी ती त्याच्याकडून घेतली, सुनेने घेतली, आणि नणंद तर त्याचीच लेक.

"तुमची आत्या," आई म्हणाली, "ऑपरेशनच्या आदल्या दिवशी माझ्याजवळ आली. इथेच, इस्त्रीच्या खोलीत. मला म्हणाली, वहिनी, तू सांग ना डॉक्टरांना. मला लाज वाटते. थोडंच काढा म्हणावं. माझं लग्न व्हायचंय."

दारात ताई हलली. वहिनीने खाली बघितलं.

"मी नवीन होते घरात. तिच्याशिवाय माझ्याशी कोणी धड बोलत नसे. मी गेले. व्हरांड्यात डॉक्टरांना गाठलं आणि सांगितलं, आम्ही शिवणकामवाली माणसं आहोत, डॉक्टर, आमच्यात वाया घालवत नाहीत. जेवढं लागेल तेवढंच काढा. ते हसले. भले माणूस होते. म्हणाले, साधी दिसतेय, अलगद सोलून देतो. आणि दिली तशी. बारीकशी खूण राहिली फक्त. मामंजी किती खूश झाले. म्हणाले, बघा, ह्याला म्हणतात हात."

चहावर साय धरली होती.

"परत आली तेव्हा ती परत माझ्याकडेच आली. मी परत गेले सांगायला. तिसऱ्या वेळी सांगायला काही राहिलंच नव्हतं." आईने श्वास घेतला. "सुरीने मारलं, सुरीने मारलं, असं मी इतकी वर्षं म्हणत आले. मला बरं पडत होतं ते. सुरीने नाही मारलं तिला."

"आई, तिची हीच गाठ होती कशावरून?" भाऊ म्हणाला. "आता कोण सांगणार? आणि तेव्हा तुला काय माहीत?"

"कोणी नाही सांगणार. मलाही नको आहे कोणी सांगायला." ती वहिनीकडे वळली. तिला चेहरा नीट दिसत नव्हता, पण सून कुठे उभी आहे ते कळत होतं. "सूनबाई, खरं सांग. हिने तुला काही सांगितलंय का?"

आत्ताच, त्याच खोलीत, त्याच गार इस्त्रीशेजारी वहिनी हो म्हणून आली होती. ताई तिच्याकडे एकटक बघत होती. ती नजर विनवणीची होती, आणि थोडी धमकीचीही.

"सांगितलंय," वहिनी म्हणाली.

"काय?"

"नुसती गाठ काढा, असं सर्जनबाईंना सांग म्हणून."

"आणि तू?"

"मी सांगेन म्हणाले." वहिनी ताईकडे वळली. "ताई, मी नाही सांगणार. मला माफ करा. तुम्ही जन्मभर बोलला नाहीत माझ्याशी तरी चालेल. मी नाही सांगणार."

ताईचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. ह्या घरात तिचा शब्द कोणी असा परत केला नव्हता. धाकटी उठायला लागली, पण भाऊने तिला हाताने थांबवलं.

"मग मी कोणाला सांगू?" ताई म्हणाली. ती भांडायला म्हणून बोलली, पण मधेच आवाज फाटला. "तुम्ही सगळे बसा टेबलाभोवती, हो की नाही करा. कापणार मला आहेत. आणि सगळं कापून ती वाईटच निघाली तर? तेव्हा काय? रोज सकाळी उठून मला स्वतःकडे बघायचंय. हे मी कोणाला सांगू?"

"मला सांग," आई म्हणाली.

ती टेबलाला धरून उठली. मशीनांच्या कडेकडेने, चाचपडत, लेकीपर्यंत आली आणि तिचं मनगट धरलं.

"मला सांग. रोज सांग. भीती वाटते म्हण, थोडंच कापा म्हण, रडून सांग, शिव्या देऊन सांग. मी ऐकेन. पण पुढे कोणाला सांगणार नाही."

ताई तिथेच भिंतीशी खाली बसली. गुडघ्यात डोकं घालून ती रडली, लहान मुलीसारखी, आवाज न दाबता. ह्या घरात असं रडणं ऐकू आल्याला फार दिवस झाले होते. आई तिच्याशेजारी फरशीवर बसू बघत होती आणि गुडघे तिला बसू देत नव्हते. शेवटी अर्धे डॉक्टर उठले, आपली खुर्ची त्यांनी सासूला नेऊन दिली, आणि स्वतः उभे राहिले.

बऱ्याच वेळाने ताईने नाक पुसलं.

"भीती वाटते," ती म्हणाली.

"हं," आई म्हणाली.

"खूप वाटते, आई."

"हं. मलाही वाटते."

बाहेर कोणीतरी अर्ध्या शटरखालून वाकून बघितलं, दुकान बंद आहे असं भाऊने हातानेच सांगितलं. वहिनीने कप गोळा केले. टेबलावर ओले गोल उमटले होते ते पुसायला ती फडकं शोधू लागली.

तेवढ्यात ताई उठली. ती वहिनीकडे न बघता तिच्याजवळून गेली आणि खिडकीपाशी जाऊन डमीवरची चादर ओढून काढली. आवरण अजून उसवलेलंच होतं. डावीकडून पांढरा कापूस बाहेर आला होता.

"खडू दे," ती म्हणाली. कोणाला ते म्हणाली नाही, पण वहिनीनेच खिशातला खडू काढून तिच्या हातावर ठेवला. ताईने तो घेतला. बोटांना बोटं लागली, तेवढंच.

"सर्जनबाईंनी कुठपर्यंत दाखवलं होतं?"

वहिनीने दाखवलं नाही. ताईला माहीत होतं हे तिला माहीत होतं.

ताईने डमीच्या डाव्या बाजूला खडू टेकवला. काखेपाशी, मुंढ्याच्या खालून सुरुवात करून तिने हळूहळू एक रेघ फिरवली. तिचा हात कापण्यात कधी चुकत नसे, आजही चुकला नाही. रेघ गोल होऊन जिथे निघाली तिथे येऊन मिळाली, गाठीला अगदी चिकटून, कुठे दोऱ्याचीही जागा न सोडता. ह्या घराची सवय ती.

ती मागे सरून त्या गोलाकडे बघत राहिली. आईने विचारलं, "काढलीस? केवढी काढलीस?"

ताईने तळहाताने ती रेघ पुसून टाकली, आणि पुन्हा खडू टेकवला, पहिल्यापेक्षा पुष्कळ बाहेरून.